दगड इथला, चुना तिकडचा

मुळशी तालुक्यातली दोन धरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. एक मुळशीचे: निळा आणि मुळा या नद्यांचे पाणी अडवून टाटा कंपनीने बांधलेले, १९२७ साली पुरे झालेले, सुमारे दीड किलोमीटर लांबीचे दगडी धरण. दुसरे टेमघरचे, मुठा नदीवर लव्हार्ड्याजवळ सरकारने बांधलेले, २००० च्या सुमारास पाणी साठवू लागलेले. पहिले शंभरीला टेकले आहे आणि अजून भिऱ्याच्या वीजघराला पाणी देते. दुसऱ्याची गळती २०१६ पर्यंत इतकी वाढली की अभियंते आणि कंत्राटदार यांच्यावर गुन्हे दाखल झाले आणि पुढच्या वर्षी दुरुस्तीसाठी धरण रिकामे ठेवण्याची पाळी आली. त्या वेळी जी चर्चा झाली ती देखरेख कोणाची होती आणि बिले कोणी मंजूर केली याची. बांधात पडलेला माल कुठून आला, कोणी दिला आणि देणाऱ्याचा त्या बांधाशी संबंध काय होता, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. तो विचारण्याची आपल्याकडे पद्धतच नाही. कोनशिलेवर गव्हर्नरचे किंवा मंत्र्याचे नाव असते, अहवालात अभियंत्याचे, ताळेबंदात कंपनीचे; चुना, वाळू, दगड आणि सिमेंट पुरवणारा कुठेच नसतो. माझे म्हणणे असे आहे की मुळा-मुठेच्या खोऱ्यांतल्या सार्वजनिक कामांचे रूप, वेग आणि आयुष्य बऱ्याच अंशी या माणसाने ठरवले. गेल्या दीडशे वर्षांत इथली खरी उलथापालथ आहे ती माल देणारा बांधापासून दूर जाण्याची. चुन्याच्या जागी सिमेंट आले, ही तिची एक बाजू झाली.

सुरुवात भूगोलापासून करायला हवी, कारण पुरवठ्याचा पहिला धनी तोच. मुळशीत दगडाला तोटा नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण पायाखालीच आहे. सुरुंग लावला की डबर मिळते. पण नुसता दगड म्हणजे बांध नव्हे. तो सांधायला चुना लागतो, आणि दख्खनचा चुना ज्या चुनखडीच्या खड्यांपासून भाजला जातो ते खडे कमी पावसाच्या काळ्या मातीत तयार होतात. घाटमाथ्याजवळच्या मुसळधार पावसात जमिनीतला चुना धुपून जातो, म्हणून मावळात खडे दुर्मीळ आणि पूर्वेकडे, पुरंदर-जेजुरीच्या बाजूला, मुबलक. वाळूचेही तसेच. मुळशीच्या नद्या उताराच्या. त्यांच्या पात्रात गोटे असतात. बारीक धुतलेली वाळू खाली भीमेच्या पात्रात, दौंडच्या बाजूला सापडते. म्हणजे दगड पश्चिमेचा, तर चुना आणि वाळू पूर्वेची. ही विभागणी इंग्रजांच्या आधीपासून ठाऊक होती. १७३० ते १७३२ मध्ये शनिवारवाडा उभा राहिला तेव्हा सागवान जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीहून आणल्याचे सांगितले जाते. पुण्यातली कुठलीही मोठी इमारत म्हणजे चार दिशांच्या बैलगाड्यांची बेरीज असे, आणि त्या गाड्यांच्या पल्ल्याबाहेरची वस्तू वास्तूत येत नसे.

या पुरवठ्यामागे माणसेही ठरलेली होती. चुना भाजणारे लोणारी, घडीव काम करणारे पाथरवट, गवंडी कामातले बेलदार, दगड फोडणारे आणि गाड्यांवर वाहणारे वडार. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये जातींच्या प्रकरणात या सगळ्यांची नोंद आहे. बांधकामांच्या प्रकरणात मात्र त्यांतले कोणी सापडत नाही. एकाच ग्रंथात दोन प्रकरणांनी एकमेकांकडे पाठ फिरवून बसावे, तसे. खडकवासल्याच्या धरणाची लांबी, उंची आणि सांडव्याची मापे त्यात फुटांत दिली आहेत; भट्टी कोणी लावली ते नाही.

खडकवासल्याची गोष्ट थोडी सविस्तर पाहू, कारण पुढच्या सगळ्या धरणांचा कित्ता तिथे गिरवला गेला. कर्नल फाइफ यांच्या योजनेप्रमाणे १८६९ मध्ये काम सुरू झाले आणि सुमारे दहा वर्षे चालले. पाच हजार फुटांहून लांब, नदीच्या तळापासून जवळपास शंभर फूट उंच, अनघड दगडाचे चुन्यातले बांधकाम. दहा वर्षे ही दिरंगाई वाटेल, पण चुन्याच्या कामाला तोच वेग सोसतो. कंकराचा, म्हणजे त्याच चुनखडीच्या खड्यांचा, चुना भाजायचा, विझवायचा, मग बैलांच्या घाणीत वाळूबरोबर मळायचा. बांधात गेल्यावर तो आठवड्यांनी आणि महिन्यांनी घट्ट होतो. वर घाईने थर चढवले तर खालचे दबतात. या कंकरात मातीचा अंश असल्याने त्याचा चुना पाण्याखालीही धरतो, आणि धरणाला हवा असतो तो हाच गुण. पण खड्यागणिक हा अंश बदलतो. एका रानातले खडे चांगले, पलीकडच्या रानातले फुकट. ही पारख कुठल्याही छापील दाखल्यात मावणारी नव्हती. भट्टीवाल्याला ती होती. अभियंत्याला ती त्याच्याकडून घ्यावी लागे आणि घाणीतला चुना बोटांत घेऊन तपासावी लागे. भट्टी किंवा घाणी कामावरच असल्याने तपासणारा आणि देणारा रोज समोरासमोर येत. वाईट घाणा झाला तर तो कोणाचा, हे त्याच संध्याकाळी कळे. पुढे १९०३ मध्ये विश्वेश्वरय्या यांनी याच धरणाच्या सांडव्यावर आपोआप उघडणारी दारे बसवली आणि साठा वाढवला. त्यांचे नाव त्या दारांमुळे सर्वांना ठाऊक आहे. वाढलेल्या पाण्याचा भार ज्या चुन्याने झेलला, तो मात्र बिननावी राहिला.

माल देणारा आणि काम करून घेणारा यांच्यामध्ये आणखी माणसे घातली की काय होते, याचा धडा त्याआधीच शेजारच्या बोरघाटात मिळाला होता. रेल्वेचे ते काम फॅव्हिएल नावाच्या इंग्रज कंत्राटदाराने घेतले. त्याच्या हाताखाली पेटी कंत्राटदारांची उतरंड होती. मजुरी खालपर्यंत पोचली नाही आणि १८५९ च्या आरंभी मजूर बिथरले. फॅव्हिएलने काम सोडले. त्याच्या जागी आलेला ट्रेडवेल भारतात पाय ठेवल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट चालवून १८६३ मध्ये घाट पुरा करवला. त्याच काळात जमशेटजी दोराबजी या पारशी कंत्राटदाराने रेल्वेचे अनेक तुकडे बिनबोभाट पुरे करून दाखवले. इथली माणसे आणि इथला माल थेट गोळा करण्याची त्याची ताकद विलायती कंपन्यांकडे नव्हती, असे मला वाटते. पुढे लक्ष्मणराव फाटक आणि वालचंद हिराचंद यांनी १९०३ च्या सुमारास भागीदारी सुरू केली. फाटक रेल्वेतले कारकून होते, वालचंद सोलापूरच्या व्यापारी घरातले. यातले कोणी मोठे तंत्रज्ञ नव्हते. मालाची साखळी हाती ठेवणे हेच त्यांचे भांडवल होते.

आता मुळशी. १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी निघाली तेव्हा लोणावळ्याचे वळवण धरण बांधून झाले होते आणि १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळत होती. सिमेंट तोवर अगदी परके राहिले नव्हते: १९१४ मध्ये पोरबंदरचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ कटनी आणि लाखेरी. तरीही दीड किलोमीटरचा बांध सिमेंटचा करणे म्हणजे रेल्वेभाड्यात बुडणे. दगड जागेवर, चुना जिल्ह्यात. म्हणून मुळशीचे धरण दगड-चुन्याचेच झाले. त्याच दशकात भाटघरचे लॉइड धरण चालू होते, भंडारदऱ्याचे संपत आले होते आणि बोरघाटात नवे बोगदे खणले जात होते. एवढी कामे एका वेळी चालत असताना पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या चुनाभट्ट्यांना आणि वडारांच्या तांड्यांना केवढी मागणी आली असेल, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. पण ही धरणे एकाच प्रकारची दिसतात त्याचे कारण अभियंत्यांच्या आवडीनिवडीपेक्षा या बाजारात शोधावे.

मुळशीच्या मावळ्यांना ही साखळी अभियंत्यांइतकीच नीट कळली होती, असे धरणाविरुद्धच्या त्यांच्या सत्याग्रहाचा क्रम पाहिला की दिसते. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, ते जाऊन बसले ते पायाच्या कामावर, मजूर आणि दगड जिथे पोचत होते तिथे. काम काही महिने थांबले. पावसाळ्यानंतर पुन्हा सुरू झाले. शेवटच्या टप्प्यात, डिसेंबर १९२४ मध्ये, सेनापती बापट आणि त्यांचे सोबती यांनी रुळांवर दगड टाकून धरणाच्या कामाची रेल्वेच अडवली, आणि बापटांना सात वर्षांची सजा झाली. या कृतीवर हिंसा-अहिंसेच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. पुरवठ्याच्या अंगाने पाहिले तर ती वेगळीच दिसते: धरणाचे पोटपाणी चालवणारा धागा कुठे नाजूक आहे, ते आंदोलकांनी नेमके हेरले होते. कंपनीला सर्वांत मोठा पुरवठा सरकारने केला, हेही इथेच नोंदवू. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने पन्नासहून अधिक गावांची जमीन कंपनीच्या हाती आली, आणि पुण्यातल्या ज्या सावकारांकडे त्या जमिनींची गहाणखते होती त्यांतल्या अनेकांना भरपाई मान्य होती. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहावरच्या आपल्या ग्रंथात ही फट स्पष्ट दाखवली आहे. कंपनीचे धरण सार्वजनिक काम कसे, अशी शंका इथे येईल. पण सार्वजनिक हेतू या शब्दांवरच तर जमीन घेतली गेली. कायद्याने ज्याला सार्वजनिक म्हटले त्याला इतिहासाने खासगी म्हणून सोडून देऊ नये.

इतका वेळ चुन्याचे गोडवे ऐकून वाचकाच्या मनात दोन आक्षेप उभे राहिले असतील, आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा की जुनी टिकलेली धरणेच आपल्याला दिसतात; फसलेली विसरली जातात. खरे आहे. भंडारदऱ्याचे चुन्यातले धरण १९६९ मध्ये तडकले आणि त्याला मागून टेकूभिंती द्याव्या लागल्या. उलट रबल काँक्रीटचे, सिमेंटमधले कोयना धरण डिसेंबर १९६७ च्या भूकंपात तडे जाऊनही उभे राहिले. तेव्हा चुना चांगला आणि सिमेंट वाईट, असे म्हणणे खुळेपणाचे ठरेल. मी ते म्हणतही नाही. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: ज्या जवळिकीचे कौतुक चालले आहे ती गुलामीच्या जवळची होती. १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीतले धान्य एका पौंडावर आणले तेव्हा खडी फोडणारे उपाशी लोक कामे सोडून निघून गेले. रस्त्यांची खडी पुरवणारे ते सर्वांत स्वस्त पुरवठादार होते. भट्टीवर आणि खाणीत राबलेल्या वडारांची नोंद आज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे, आणि वाघोलीच्या दगडखाणींत त्यांच्या पिढ्या अजून खपत आहेत. हे सारे मान्य केल्यावरही माझा मुद्दा शिल्लक राहतो, कारण तो न्यायाचा नाही, जबाबदारीच्या अंतराचा आहे. जुन्या व्यवस्थेत पुरवणाऱ्याला दाम कमी मिळत होता. पण तो दिसत होता आणि त्याचा माल ओळखू येत होता. नव्या व्यवस्थेने त्याला न्याय दिला नाही, फक्त नजरेआड केले.

हे अंतर पहिल्यांदा जीवघेणे ठरले ते पानशेतला, मुळशीच्या शेजारच्या खोऱ्यात. १९५७ मध्ये आंबी नदीवर मातीचे धरण सुरू झाले. सिमेंट आणि पोलाद तेव्हा सरकारी नियंत्रणाखाली. म्हणजे राज्यात सर्वांत मोठा पुरवठादार सरकारच. धरणाखालून पाणी सोडायच्या मोरीचे काम लोखंडी सळईच्या काँक्रीटचे ठरले होते. सळई मिळेना. म्हणून विनासळईच्या काँक्रीट ठोकळ्यांची कमान बांधली गेली. दारांचे काम अपुरे असतानाच १९६१ चा पावसाळा आला. मोरीतून सुसाट निघालेल्या पाण्याने बांध खचू लागला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, आणि १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले. त्या लोंढ्याखाली खडकवासलाही गेले. चौकशीत सगळा रोख घाईवर आणि निर्णय कोणी घेतला यावर राहिला. ते साहजिक होते. पण सळईच्या टंचाईने नकाशाच बदलला ही गोष्ट तपशील म्हणून बाजूला सारण्यासारखी नाही. १८६९ च्या अभियंत्याने नकाशा काढतानाच कंकराच्या रानांचा अंदाज घेतला होता. १९५७ च्या अभियंत्याने दूरच्या एका परवान्याच्या भरवशावर नकाशा काढला, आणि परवाना आला नाही.

टंचाईच्या त्या काळात बहुतेक सरकारी कामांच्या निविदेला जोडलेल्या परिशिष्टात सिमेंट आणि पोलाद खात्याने ठरलेल्या दराने कंत्राटदाराला द्यायचे, अशी तरतूद असे. याचा एक तोटा सर्वांना ठाऊक होता: खात्याच्या गोदामातली पोती वाटेत कमी होत. फायदा असा की पोती मोजली जात, आणि बांधकामात किती गेली याचा ताळा घालता येई. सिमेंटच्या कोट्याचे राजकारण इतके तापले की त्या प्रकरणी उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेल्यावर जानेवारी १९८२ मध्ये बॅरिस्टर अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. पुढच्याच महिन्यात सिमेंटवरचे नियंत्रण काही प्रमाणात उठले, आणि मार्च १९८९ मध्ये पूर्णपणे. टंचाई गेली हे उत्तमच झाले. पण हळूहळू सिमेंट कंत्राटदारानेच आणायचे, अशी रीत पडली आणि तो ताळाही ढिला झाला. टेमघर बांधले गेले ते या नव्या काळात.

टेमघरचा दोष नेमका कोणाचा हे न्यायालय ठरवील, त्यावर इथे निवाडा देण्याचे कारण नाही. पुरवठ्याचा इतिहास लिहिणाऱ्याला एवढेच विचारता येते, की दोष शोधायला लागल्यावर आपण कुठवर मागे जाऊ शकतो. यावर अनुभवी अभियंता म्हणेल की हा प्रश्नच चुकीचा आहे. माल कसाही येवो, तो तपासून घेणे हे कामावरच्या माणसाचे काम. पुरवठादाराला गुंतवणे म्हणजे देखरेखीची जबाबदारी पातळ करणे. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि कंत्राटाच्या कायद्याची भूमिकाही साधारण तीच आहे. पण तपासणी नमुन्याची होते आणि बांध सगळ्या मालाचा होतो. सिमेंटचे पोते शिक्क्यानिशी येते, वाळूला शिक्का नसतो. भीमेची वाळू महाग आणि दुर्मीळ होत गेली तसे तिच्यात मातीचे प्रमाण वाढण्याचे आमिषही वाढले. मसाल्यात माती आली की तो सच्छिद्र होतो, दगडाला नीट धरत नाही आणि पाणी त्यातून वाट काढते, हे गवंड्यालाही माहीत असते. मोजमाप पुस्तकात मात्र घनमीटर लिहिले जातात. कुठल्या पात्रातली, कुठल्या खेपेची, हे नाही. देखरेख कितीही कडक केली तरी जी माहिती कागदावरच नाही तिची तपासणी कोण करणार?

यातला उपरोध असा की खात्याकडे पुरवठ्याचे अंतर मोजणारे एक उत्तम साधन आधीपासून आहे. प्रत्येक अंदाजपत्रकाला लीड चार्ट जोडलेला असतो: खडी कुठल्या खाणीतून, वाळू कुठल्या घाटावरून, मुरूम कुठून, किती किलोमीटर. त्यावर दर ठरतो. पण ते अंतर पैसे देण्यापुरते मोजले जाते. माल खरोखर त्याच खाणीतून आला का, याच्याशी त्या तक्त्याचा संबंध बिल मंजूर होताच संपतो. २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गौण खनिजांच्या उत्खननाला पर्यावरण परवानगी लागू लागली, नदीच्या वाळूचे लिलाव अडले, आणि पुण्याच्या परिसरात वाळूची जागा दगड दळून केलेल्या क्रश सँडने घेतली. त्यामुळे शनिवारवाड्यापासून चालत आलेली दगड पश्चिमेचा, वाळू पूर्वेची ही विभागणी बऱ्याच अंशी मोडली. आता मुळशीचा काळा दगड खडीही होतो आणि वाळूही, आणि क्रशरवरून निघणारा डंपर ब्रासवर मोजला जातो. त्याच्याबरोबर रॉयल्टीची पावती असते. तिच्यावर खाणीचे ठिकाण आणि वाहनाचा क्रमांक असतो, म्हणजे चुनाभट्टी कामावरून उठल्यापासून जी माहिती हरवली होती ती पुन्हा कागदावर आलेली आहे. फक्त ती महसूल खात्याकडे जमा होते, आणि बांधाचे मोजमाप पुस्तक दुसऱ्या खात्याच्या कपाटात असते.